डाग ठेवणे

"याचा डाग काढायचा नाही हां मावशी," असं म्हणत भाचीने शर्ट काउंटरवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा. "बाकी धू, वास घालव, काय ते कर. पण डागाला हात लावायचा नाही."

लाँड्रीच्या काउंटरमागे एकवीस वर्षं उभ्या असलेल्या बाईने लोकांच्या तोंडून काय काय ऐकलेलं असतं. डाग जायलाच हवा. डाग कशाचा ते विचारू नका. डाग गेला पाहिजे आणि नवऱ्याला कळता कामा नये. पण डाग ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच, आणि तेही घरचं. मावशीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि शर्ट उलगडला.

हिरव्या-पिवळ्या चौकड्या, झिजलेली कॉलर. डाव्या खिशाखाली चहाचा डाग, वरून गोल आणि खाली शेपूट फुटलेला, जणू एखादा उंदीर खिशात शिरायला निघालाय. बटणं सहा. पाच पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली, तिसरं काळ्या.

तिचा अंगठा त्या तिसऱ्या बटणावर थांबला. ते तिने शिवलं होतं. कॅमेरा लागला होता, सगळे ओरडत होते आणि सुईत काळाच दोरा होता. एकदा तो काळा दोरा चित्रात आला म्हटल्यावर पुढचे एकोणीस दिवस तिनेच तो काळा राखला होता.

"कुणाचा आहे गं?" तिने विचारलं.

भाचीला तेवढंच हवं होतं. तिने सुरुवातीपासून सांगितलं. 'कोण उठणार' नावाचा एक सिनेमा होता, तेवीस वर्षांपूर्वीचा, तेव्हा सपाटून आपटलेला, तुला माहीत नसेल. दोन आळशी मित्र एका खोलीत लोळत पडलेले असतात, दाराची बेल वाजते, आणि सबंध सिनेमा ते दार कोण उघडणार यावर वाद घालतात. बस्स. शेवटी त्यातला एक, ज्याला सगळे आता लोळ्या म्हणतात, तो उठतो, चप्पल पायात सरकवतो आणि दारापर्यंत जातो. नऊ पावलं. त्यांना अकरा मिनिटं लागतात. दार उघडतो तर बाहेर कुणी नाही, नुसती चिठ्ठी अडकवलेली: 'घरी कोणी नव्हतं.' तो ती वाचतो आणि आतल्या मित्राला म्हणतो, "बरोबर आहे." संपला सिनेमा.

आता त्याचे चाहते होते, चार-पाचशे तरी. वर्षातून एकदा ते एखादं थिएटर घेत आणि एकत्र बसून तो बघत. यंदा रविवारी सकाळचा खेळ होता, खुद्द दिग्दर्शक येणार होता आणि लोळ्याचं काम केलेल्या नटाच्या मुलीने हा शर्ट दिला होता. तो स्टेजवर टांगायचा होता, आणि नंतर काचेच्या चौकटीत लावायचा होता.

"आणि चप्पल," भाची म्हणाली. तिने पाय वर करून दाखवला. डाव्या पायात तपकिरी चप्पल होती, उजव्या पायात निळी. "सगळे अशाच घालून येतात. लोळ्या पलंगावरून उतरतो तेव्हा दोन्ही तपकिरी असतात. दाराशी पोचतो तेव्हा उजवी निळी झालेली असते. मध्ये काही दाखवलेलंच नाही. भारी आहे ना?"

"हो का," मावशी म्हणाली.

घरात कुणी कधी भाचीला सांगितलंच नव्हतं. ती तेव्हा पाळण्यात होती. मावशी सिनेमात कामाला होती, तिथे काहीतरी बिनसलं, तो विषय काढायचा नाही, एवढं तिच्या आईने ठरवून टाकलं होतं. आणि काही घरांत एखादा विषय काढायचा नाही म्हणजे तो पंखा लावायच्या हुकासारखा डोक्यावर राहतो, पंखा कधीच लागत नाही.

"पडलेला सिनेमा आहे म्हणतेस," मावशी शर्टाची घडी घालत म्हणाली, "मग एवढं काय आहे त्यात?"

काउंटरवरच्या टाचण्यांच्या डबीशी खेळत भाचीने सांगितलं की तिची नोकरी गेली होती ना गेल्या वर्षी, तीन महिने ती अंथरुणातून उठलीच नव्हती, तेव्हा येणारा-जाणारा तिला एकच गोष्ट सांगायचा, ऊठ. आई रडून, बाबा चिडून, मैत्रिणी पुस्तकं पाठवून. "या पिक्चरमध्ये कुणी कुणाला तसं ऊठ म्हणत नाही गं. म्हणजे म्हणतात, पण रागावत नाहीत. आणि मग तो उठतो. आपला आपला उठतो. आणि चप्पल बदलते. म्हणजे उठलेला माणूस पलंगावरचा राहिलाच नाही. मी त्या नऊ पावलांवर उठले, मावशी. हसू नकोस."

मावशी हसली नव्हती. तिने चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि शर्टाची चिठ्ठी लिहिली. चौकडी शर्ट, एक. कॉलर झिजलेली. तिसरं बटण काळ्या दोऱ्याने. आणि खाली, ठळक: डाग ठेवणे. तपासणाऱ्याच्या सहीच्या जागी नेहमीसारखी एक तिरपी रेघ मारली आणि चिठ्ठी कॉलरला टोचली.

तिचं काम तेव्हाही हेच होतं. कंटिन्युइटी. नाव इंग्रजी, काम शुद्ध मोलकरणीचं. सकाळी घेतलेल्या शॉटमध्ये पेला टेबलाच्या उजवीकडे होता तर चार दिवसांनी घेतलेल्या पुढच्या शॉटमध्ये तो उजवीकडेच हवा, पाणी तेवढंच हवं, नटाची बाही तेवढीच दुमडलेली हवी. सगळं तिच्या वहीत असायचं. तो चहाचा डागसुद्धा. शर्ट रात्री धुतला जायचा, म्हणून ती रोज सकाळी बारीक ब्रशने तो पुन्हा रंगवायची, वहीत चिकटवलेल्या ट्रेसिंग पेपरवरून. चहात थोडी कॉफी घातली की डाग मुरलेला दिसतो. ही अक्कल तिला कुणी शिकवली नव्हती.

चप्पल मात्र तिच्याकडून सुटली होती. नाकबूल करण्यात अर्थ नव्हता. दुपारी सेटवर फोन आला, आईला दवाखान्यात नेलंय म्हणून; ती फोनवर असताना नट मोरीत जाऊन आला आणि येताना मित्राची एक चप्पल पायात सरकवून आला. तिने परत येऊन त्याला डोक्यापासून कमरेपर्यंत तपासलं. खाली बघितलंच नाही. रात्र दवाखान्यात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शॉटचे फोटो शेजारी शेजारी लावले आणि निळी चप्पल दिसली. वहीत लिहिलं: उजवी चप्पल निळी, हवी तपकिरी, चूक माझी. तशीच दिग्दर्शकाकडे गेली. सेट उभा होता, नट हजर होता, अर्ध्या तासाचं काम. दिग्दर्शक सेटवरच्या पलंगावरच आडवा पडला होता. आळशी माणसांवर सिनेमा काढणाऱ्याने स्वतः कष्टाळू असलं पाहिजे असा काही नियम नाही. तो डोळे न उघडता म्हणाला, "पायाकडे कोण बघतंय?"

परीक्षणवाल्यांनी बघितलं. एकाने लिहिलं, 'कोण उठणार' या प्रश्नाचं उत्तर मध्यंतरातच मिळतं: प्रेक्षक. दुसऱ्याने लिहिलं, ज्यांना नटाच्या चपला सांभाळता येत नाहीत त्यांनी सिनेमा सांभाळायला घेऊ नये. मग दिग्दर्शकाने मुलाखतीत सांगितलं की कंटिन्युइटीला एक नवखी मुलगी होती, तिचं लक्ष नव्हतं. तिचा तो सातवा सिनेमा होता. सगळ्या सिनेमाचं खापर तिच्या एका चपलेवर फुटलं. नव्या प्रिंटवरून तिचं नाव गेलं, पाठोपाठ फोन थांबले, आणि धंद्यात तिला 'चप्पल' म्हणू लागले. आई वाचली. काम गेलं.

सोमवारी संध्याकाळी डागकाकांनी शर्ट आणून काउंटरवर ठेवला. लाँड्रीच्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं डाग काढणारा हा म्हातारा; त्याचं खरं नाव मालकालाही आठवायला वेळ लागायचा. त्याच्या चेहऱ्यावर पैलवानाने कुस्ती मारल्याचं समाधान होतं.

"जुना होता बाई," तो म्हणाला. "चिवट. पण असा घालवलाय की आता शर्टालासुद्धा आठवणार नाही."

मावशीने चिठ्ठी उलटी करून त्याच्यापुढे धरली. त्याने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला. चिठ्ठीवर डाग हा शब्द दिसला की पुढचं वाचायचं नाही, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. डागाच्या पुढे लिहायसारखं असतं तरी काय?

"ठेवायचा होता?" तो म्हणाला. "डाग? कशाला?"

"काही लोकांना हवा असतो."

"मग आता?"

"आता काही नाही. तुम्ही घरी जा."

ती घरी गेली आणि कपाटावरची पत्र्याची पेटी काढली. वही खालीच होती, आईच्या दवाखान्याच्या कागदांखाली. ट्रेसिंग पेपर पिवळा पडला होता, पण उंदीर शाबूत होता, शेपटीसकट. मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी तिने चहा उकळला, त्यात कॉफी घातली, शर्ट इस्त्रीच्या टेबलावर ताणून बसवला आणि ब्रश बुडवला. शेपूट पहिल्याच फटक्यात बसलं. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की ते काम बंद झालंय. डागकाका दारात उभे राहून बघत होते. झाल्यावर त्यांनी जवळ येऊन खूप वेळ निरखलं आणि एवढंच म्हणाले, "मला हा काढायला लावू नका आता. जीव होणार नाही."

रविवारी भाचीने तिला ओढूनच नेलं. तुला आवडणार नाही, पण चल, शर्ट तू धुतलायस, तुझा मान आहे. मावशीने पिशवीत वही टाकली. का टाकली, हे तिने स्वतःला विचारलं नाही. पण तिला ठाऊक होतं. दिग्दर्शकापुढे ते पान उघडायचं. ओरडायचं नाही, रडायचं नाही. नुसतं म्हणायचं, वाचा.

थिएटर भरलेलं होतं. तेवीस वर्षांपूर्वी सिनेमा लागला तेव्हा ती दुपारच्या खेळाला गेली होती. तेरा माणसं होती, त्यातली दोन झोपायला आलेली. आज चारशे माणसं, आणि सगळ्यांच्या उजव्या पायात निळी चप्पल. केस पांढरे झालेले, नुकतंच मिसरूड फुटलेले, मांडीवर मूल घेतलेल्या बायका, झाडून सगळे. ती बिचकून दारातच थांबली. तिची चूक चारशे पायांवर चालत होती.

सिनेमा सुरू झाला. नावं आली, तिचं नव्हतं. पहिली बेल वाजली आणि सगळं थिएटर एका सुरात म्हणालं, "बघ रे कोण आहे." लोळ्या म्हणाला, "मी कालच उठलो होतो," आणि हशा पिकला. मावशी हाताची घडी घालून बसली होती. तिने ठरवलं होतं की बघायचं फक्त पेल्याकडे, बाहीकडे, पाण्याच्या पातळीकडे. पेला जागेवर होता. बाही तेवढीच दुमडलेली. एका शॉटमध्ये मित्र बेलच्या आवाजावरून बाहेर कोण असेल याचा अंदाज बांधतो, वाणी असेल, मग घरमालक, मग मृत्यू, आणि लोळ्या उशीत तोंड खुपसून म्हणतो, "मृत्यू असेल तर दोनदा वाजवेल." तिला हसू आलं. आवरायच्या आत आलं. शेजारी भाचीने तिचा हात दाबला.

आणि मग ती नऊ पावलं. थिएटरमध्ये चिडीचूप. सेटवर ती कॅमेऱ्याच्या मागे होती, फोनकडे एक कान ठेवून, आणि त्या तेरा माणसांत बसून तिने नुसती चप्पल बघितली होती. तिने हे कधी धड पाहिलंच नव्हतं. तो माणूस उठला. शर्टावर तिचा उंदीर. त्याचे पाय तपकिरी चपलांत शिरले, मग नुसता चेहरा, खूप वेळ नुसता चेहरा, आणि दाराशी पाय. एक निळा. पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. सिनेमा चांगला होता. तेरा माणसांपुढेही तो इतकाच चांगला असणार, आणि हे कळून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाईट सिनेमापायी आयुष्य गेलं असतं तर निदान हिशोब सोपा होता.

दिग्दर्शक शेवटी आला, स्वतःचा सिनेमा बघायला तो बसला नव्हता. टक्कल पडलं होतं, बूट चकचकीत होते. त्याने टांगलेल्या शर्टावरच्या डागाला बोट लावलं आणि त्याचा आवाज भरून आला. पहिल्या दिवशी माझ्याच हातून कप कलंडला, तो हा चहा, म्हणाला. तेवीस वर्षांत फिका झाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने मनातल्या मनात दिवस मोजले. पाच.

मग कुणीतरी चपलेबद्दल विचारलं.

"माणूस एकदा उठला की तो तोच राहत नाही," दिग्दर्शक म्हणाला. "ते मला शब्दांत सांगायचं नव्हतं. सेटवरची मंडळी म्हणाली, चूक झालीय, परत घेऊ. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, अहो, पायाकडे कोण बघतंय? मी म्हटलं, जो बघेल त्याच्यासाठी आहे."

चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मावशी बसून होती. अब्रू घेतली, नाव काढून घेतलं, त्याचं तिला काही नवल राहिलं नव्हतं. पण चूक तरी आपली आहे, असं तिने तेवीस वर्षं धरलं होतं. आता तीही त्याची झाली.

तिने हात वर केला. माइक तिच्याकडे आला तेव्हा पिशवीतली वही काढायचं राहूनच गेलं.

"निळी चप्पल कोणत्या पायात हवी," तिने विचारलं, "हे तुम्ही ठरवलं असेल ना? कोणत्या?"

दिग्दर्शक हसला. "डाव्या," तो म्हणाला. "हृदय डावीकडे असतं."

चारशे माणसांनी आपापल्या उजव्या पायाकडे बघितलं. मावशी थांबली. एवढंच तर हवं होतं. यापुढे वहीचीही गरज नव्हती.

मग मागच्या रांगेत एकजण हसला. त्याच्या शेजारचा हसला. आणि बघता बघता सगळं थिएटर हसण्यात बुडालं, प्रेमाने, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. लोळ्याच्या बापाला पायसुद्धा आठवत नाही! याहून भारी उत्तर असूच शकत नव्हतं. दिग्दर्शकाला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी चांगलं झालंय एवढं कळलं, आणि त्याने वाकून ते स्वीकारलं. मग त्याने प्रश्न विचारणाऱ्या बाईकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"आणि ताई," तो म्हणाला, "तुमच्या तर दोन्ही सारख्याच."

पुन्हा हशा. त्याने आपल्याला ओळखलं की नाही, हे तिला कळलं नाही. माइक पुढच्या रांगेत गेला.

बाहेर ऊन होतं. भाची शर्ट पिशवीत घालून तिच्या मागे धावत आली. सगळे विचारतायत ती बाई कोण, म्हणाली, तू तर हिरॉइन झालीस. मग चार पावलं चालून तिची चाल मंदावली.

"पण मावशी, उजव्याच पायात आहे. तू पहिल्यांदा बघितलास ना? तुझ्या कसं लक्षात राहिलं?"

मावशीचा हात पिशवीत होता. वहीचा पुठ्ठा बोटांना लागत होता.

"त्याला खरंच आठवत नव्हतं का गं?" भाची म्हणाली. "म्हणजे त्याने ठरवलं नव्हतं? नुसती चूक होती?" तिने खाली आपल्या पायांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मावशीने तीन महिने उशीवर पाहिला होता तसा व्हायला लागला.

"मला काय ठाऊक," मावशी म्हणाली. "कपड्यावाल्या बाईला डावं-उजवं दिसतं, एवढंच. तो गंमत करत असेल."

"गंमतच," भाची म्हणाली. तिने श्वास सोडला. "इतकं सुंदर काही चुकून थोडंच होतं?"

मावशीने हात पिशवीतून बाहेर काढला आणि शर्टाची पिशवी मागून घेतली. उद्या नीट घडी करून देते, म्हणाली. काचेत लावायचाय ना.

सोमवारी दुकान उघडल्यावर तिने शर्ट इस्त्रीच्या टेबलावर पसरला. दिग्दर्शकाचं बोट लागलं होतं तिथे काहीच उमटलं नव्हतं. तिने चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि दुकानाची पद्धत असते तसं लिहिलं. चौकडी शर्ट, एक. कॉलर झिजलेली. तिसरं बटण काळ्या दोऱ्याने, शिवलेलं खाली सही करणारीने. डाग एक, चहा-कॉफीचा, डाव्या खिशाखाली, गेल्या मंगळवारचा.

खाली तपासणाऱ्याची सही. एकवीस वर्षं तिथे ती रेघ मारत आली होती. आज तिने पेन झटकलं आणि पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं, लांबून वाचता येईल असं. शाई वाळेपर्यंत थांबली. मग शर्टाची घडी घालून चिठ्ठी कॉलरच्या आतल्या बाजूला टोचली, काचेतून दिसणार नाही अशी.